पूर्ण नाव सांगा

माझं आडनाव चव्हाण. पण माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर, बी.ई.च्या पदवीवर आणि पासपोर्टवर ते ‘चौहान’ असं आहे. इंदूरला पहिलीत नाव घालताना बाबांनी फॉर्मवर ‘चव्हाण’च लिहिलं होतं. हजेरीपटावर त्याचं चौहान झालं आणि तेच पुढे सरकत राहिलं. बाबांच्या लहानपणी त्यांच्या शाळेतही हेच झालं होतं, त्यामुळे त्यांनी फार मनावर घेतलं नाही. पुढे पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा टीममधल्या एकाने विचारलं, “चौहान म्हणजे राजपूत ना? मग मराठी एवढं चांगलं कसं बोलतोस?” आता यावर काय सांगणार!

हिंदी मुलखात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना असे अनुभव असतील. जोश्यांना लोक ‘कुमाऊंचे का?’ म्हणून विचारतात. पण आमच्या घरात या आडनावाला एक सिनेमाही चिकटलेला आहे. तो म्हणजे ‘अग्निपथ’. त्यातल्या नायकाचं नाव विजय दीनानाथ चौहान, गाव मांडवा. मांडवा म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातलं, अलिबाग तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. आमचं मूळ गाव त्याच तालुक्यात, मांडव्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर. कोकणातल्या शाळामास्तराचं आडनाव चौहान कसं, हा प्रश्न हिंदी प्रेक्षकाला पडायचं कारण नव्हतं. बाबांना मात्र पडला होता आणि त्याचं उत्तरही त्यांनी स्वतःच शोधलं होतं. ते म्हणायचे, “तोही आपल्यासारखाच. मुंबईत शाळेत घातला असेल, तिथे कुणीतरी चौहान लिहून टाकलं असेल!”

‘अग्निपथ’ दोनदा निघाला. पहिला १९९० साली, मुकुल आनंद यांचा, अमिताभ बच्चनचा. दुसरा २०१२ साली, करण मल्होत्रा यांचा, हृतिक रोशनचा. पहिल्याचे निर्माते यश जोहर, दुसऱ्याचे त्यांचे चिरंजीव करण जोहर. मी पहिला घरी केबलवर पाहिला, आठवी-नववीत असताना, आणि दुसरा थिएटरात बाबांच्या शेजारी बसून. त्यानंतर दोन्ही सिनेमे मी कितीतरी वेळा पाहिले. कुठला चांगला, यावर मित्रांशी भांडलोसुद्धा. पण दोघांतला खरा फरक मला कळला तो गेल्या वर्षी, अलिबागच्या एका सरकारी कचेरीत. ते शेवटी सांगतो. आधी सिनेमांबद्दल.

गोष्टीचा सांगाडा दोन्हींत एकच आहे. मांडव्यात दीनानाथ नावाचे एक सज्जन मास्तर असतात. कांचा नावाच्या माणसाला गाव आपल्या काळ्या धंद्यासाठी हवं असतं. मास्तर आड येतात म्हणून त्यांच्यावर घाणेरडा आळ घेतला जातो आणि त्या आळावर विश्वास ठेवून गावकरीच त्यांचा जीव घेतात. मुलगा विजय हे सगळं डोळ्यांनी बघतो. आई त्याला घेऊन मुंबईला येते. विजय गुन्हेगारीत शिरतो, मोठा होतो आणि शेवटी मांडव्याला परततो. दोन्ही सिनेमे जवळपास तीन-तीन तासांचे. पण एकाच सांगाड्यावर दोन अगदी वेगळी माणसं उभी राहिली आहेत.

आधी खलनायकाकडे बघू. १९९० चा कांचा चीना म्हणजे डॅनी डेन्झोंग्पा. उंची सूट, काळा चष्मा, हळू आणि सभ्य बोलणं. मोठ्या कंपनीचा मालक वाटावा असा. तो बाहेरून येतो, गावच्या जमीनदाराला हाताशी धरतो आणि काम साधतो. २०१२ चा कांचा म्हणजे संजय दत्त. टक्कल, भुवया नाहीत, अंगभर गोंदण, काळे कपडे, आणि देह असा की पडद्यात मावू नये. हा गावातलाच, गावच्या पुढाऱ्याचा मुलगा. नव्या सिनेमात मांडव्याचे लोक मिठागरांवर जगतात. कांचाला त्या जमिनी कोकेनसाठी हव्या असतात आणि मास्तर लोकांना सांगतात, जमिनी देऊ नका, आपणच आपलं मीठ बनवू. हे कारण मला जुन्यापेक्षा पटतं. कोकणात मिठागर आहे, जमीन आहे, जमिनीवर डोळा ठेवणाराही आहे.

पण हा नवा कांचा पाहिला की भीती वाटते आणि तिथेच विचार थांबतो. तो राक्षस आहे, राक्षसाला मारायचंच असतं. डॅनीचा कांचा पाहिला की वाटतं, असा माणूस आपण कुठल्यातरी ऑफिसात पाहिलाय. त्याच्यावर हात टाकणं सोपं नसतं, कारण तो कुणालाच वाईट दिसत नाही.

मास्तरांच्या मरणातही असाच फरक आहे. जुन्या सिनेमात आलोक नाथांच्या मास्तरांना एका बाईच्या निमित्ताने बदनाम केलं जातं आणि चवताळलेला जमाव त्यांना मारतो. नव्यात कांचा एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून करतो, आळ मास्तरांवर घालतो आणि पावसात, पोराच्या डोळ्यांसमोर त्यांना झाडाला फाशी देतो. मी थिएटरात हा प्रसंग पाहिला तेव्हा घशात आवंढा आला होता. दिग्दर्शकाने तो घडवला आहेच तसा. पण घरी येऊन विचार केला तेव्हा जाणवलं, पहिल्या अर्ध्या तासातच आपल्याकडून एक सही घेतली गेली आहे. आता विजय जे काय करेल ते योग्यच. शेवटी कांचाला त्याच झाडावर लटकवायचं आहे, हे तेव्हाच ठरून गेलं. मध्ये विजयला कुणी अडवणार नाही आणि कुणी अडवू नये, असंच आपल्यालाही वाटत राहतं.

विजयच्या आवाजाबद्दल तर बोलायलाच हवं. अमिताभने पहिल्या ‘अग्निपथ’साठी आपला ओळखीचा आवाज बाजूला ठेवला आणि एक खरखरीत, घशातून ओढलेला आवाज लावला. तेव्हाच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही. ज्या आवाजासाठी तिकीट काढायचं, तोच आवाज नाही! सिनेमा चालायला हवा होता तसा चालला नाही. मात्र त्याच भूमिकेसाठी अमिताभला उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे टीव्हीवर लागून लागून सिनेमा लोकांना पाठ झाला. आज कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्या आवाजाची नक्कल करणारा एक तरी सापडतोच.

त्या विजयचा एक प्रसंग सगळ्यांनाच माहीत आहे. पोलीस कमिशनर गायतोंडे, म्हणजे आपले विक्रम गोखले, यांच्यासमोर बसून तो आपली ओळख देतो. स्वतःचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, आणि वय तर वर्षं, महिने, दिवस आणि तासांच्या हिशेबात. हिंदी सिनेमात नायकाची अशी ओळख मी दुसरी पाहिलेली नाही. हिंदी भागात नावाच्या मध्ये बापाचं नाव घालायची पद्धत नाही. माझ्या वर्गातले शर्मा आणि तिवारी मला विचारायचे, “तुझं आणि तुझ्या बाबांचं नाव एकातच का लिहितोस?” विजय दीनानाथ चौहान हे नाव आडनावापुरतं हिंदी झालं असेल, पण त्याची ठेवण अस्सल मराठी आहे. बाबांना हा प्रसंग आवडायचा तो यासाठी. रविवारी दाढी करताना ते आरशासमोर स्वतःचं पूर्ण नाव त्या आवाजात म्हणत आणि आई आतून म्हणे, “अहो, घसा धराल!”

हृतिकच्या विजयने हा थाट सोडून दिला. तो कमी बोलतो, खालच्या आवाजात बोलतो, बरंचसं डोळ्यांनी सांगतो. यात शहाणपण होतं. अमिताभची नक्कल करायला गेला असता तर आपटला असता. एवढ्या मोठ्या भूमिकेची सावली अंगावर न घेता त्याने स्वतःचा विजय उभा केला, याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं.

नव्या सिनेमाच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे त्याचं संगीत. जुन्याला लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं होतं. नव्याला अजय-अतुल यांचं. ‘देवा श्री गणेशा’ आता इंदूरच्या गणपतीतही वाजतं आणि त्यावर नाचणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांना ते कुठल्या सिनेमातलं हेही ठाऊक नसतं. ‘चिकनी चमेली’ तर त्यांच्याच ‘जत्रा’ या मराठी सिनेमातल्या ‘कोंबडी पळाली’ची चाल. म्हणजे मांडवा जुन्या सिनेमात नावापुरता कोकणात होता, नव्यात तो कानाला तरी मराठी लागतो. गंमत अशी की नव्याचा मांडवा उभा केला होता दीवमध्ये!

नव्याने काही माणसं काढली, काही आणली. जुन्यातला कृष्णन अय्यर, म्हणजे मिथुन चक्रवर्ती, नव्यात नाही. नारळ विकणारा हा दाक्षिणात्य माणूस मुंबईत परका असून जखमी विजयचा जीव वाचवतो. त्याच्याऐवजी नव्यात रौफ लाला आला. ऋषी कपूरला एवढा किळसवाणा झालेला आपण तोवर पाहिलं नव्हतं, आणि तो नव्या सिनेमातला सगळ्यात जिवंत माणूस आहे असं मला वाटतं. पण हिशेब मांडला तर विजयच्या आयुष्यातून एक भला माणूस गेला आणि एक दुष्ट वाढला. नव्या विजयला चहूबाजूंनी शत्रूच आहेत. अशाने त्याचा राग वाढतो, पण त्याला प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही.

आता आईकडे येतो. मला वाटतं, दोन्ही सिनेमांमधला सगळ्यात मोठा फरक इथे आहे.

जुन्या सिनेमात सुहासिनीचं काम रोहिणी हट्टंगडी यांनी केलं आहे. त्या अमिताभपेक्षा वयाने लहान, पण पडद्यावर हे क्षणभरही जाणवत नाही. ही आई मुलासाठी नुसती रडत बसत नाही. ती त्याच्याशी भांडते. मास्तरांच्या नावासाठी तू हे सगळं करतोस म्हणतोस, पण तू जे झाला आहेस त्याने त्यांचंच नाव बुडालं, असं तिचं म्हणणं आहे. विजय तिच्या घरी जेवायला येतो आणि हात स्वच्छ असण्या-नसण्यावरून दोघांत बोलाचाली होते, तो प्रसंग मला सगळ्या गोळीबारापेक्षा जास्त आठवतो. मुंबई ज्याला घाबरते तो माणूस आईच्या ताटासमोर अपराधी होऊन बसतो. आपण प्रेक्षक विजयच्या बाजूने असतो, पण मनातून कळतं की बरोबर आई आहे.

नव्यातही आई मुलापासून लांब राहते. झरीना वहाब यांनी ते दुःख चेहऱ्यावर छान ठेवलं आहे. पण ती बोलत नाही, भांडत नाही. तिचा अबोला विजयला सोसावा लागतो, तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून शेवटही बदलतो. दोन्ही सिनेमांत विजय मरतो आणि आई जवळ असते. पण जुन्या विजयचं शेवटचं बोलणं आईशी आहे. तिच्या कुशीत पडून तो तिला आपली बाजू समजावत असतो. नव्या विजयची शेवटची नजर वडिलांकडे आहे. त्याला लहानपणीचा तो स्वतः आणि त्याचे बाबा दिसतात. एकाला आईने समजून घ्यायला हवं आहे. दुसऱ्याला बापाकडे परत जायचं आहे.

मला वाटतं, हे असं होण्यामागे एक माणसाचं कारण आहे. पहिला ‘अग्निपथ’ पडला याची यश जोहर यांना खंत होती आणि दुसरा आपण वडिलांसाठी केला, असं करण जोहर यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. यश जोहर २००४ मध्ये गेले. आठ वर्षांनी मुलाने त्यांचा हरलेला सिनेमा पुन्हा उभा केला आणि जिंकून दाखवला. सिनेमाला नाव देणारी कविता हरिवंशराय बच्चन यांची, म्हणजे पहिल्या विजयच्या वडिलांची. जिकडे पाहावं तिकडे बाप आणि मुलगा! मुलाने बापासाठी केलेल्या सिनेमात नायकाने शेवटी बापाकडे पाहावं, यात आश्चर्य नाही. पण त्या ओढीत आईचा प्रश्न मागे राहून गेला.

हे मला एकट्याला सुचलं नाही. २६ जानेवारी २०१२, गुरुवार. सिनेमा त्याच दिवशी लागला. मी पुण्याहून जोडून सुट्टी घेऊन आलो होतो आणि बाबांना संध्याकाळच्या शोला घेऊन गेलो. माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारातली ती ऐट होती. मध्यंतरात मी पॉपकॉर्न आणले, बाबांनी किंमत विचारली, मी सांगितली नाही. सिनेमा संपल्यावर स्कूटरपाशी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग हेल्मेट घालता घालता म्हणाले, “चांगला आहे. मारामारी जबरदस्त आहे. पण याला आईने काही विचारलंच नाही रे.”

त्या रात्री जेवताना बाबांनी मला गावाची गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली. आजोबा तरुणपणी होळकर दरबारच्या नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. त्यांचे धाकटे भाऊ गावी राहिले. घर आणि थोडी वाडी दोघांच्या नावावर. १९८८ मध्ये आजोबा गेले, त्यानंतर बाबा गावी गेले होते. त्यांच्या काकांनी त्यांना पाहुण्यासारखं पडवीत बसवलं, चहा दिला आणि विचारलं, “इंदूरवाल्यांचं आता इथे काय आहे?” बाबा त्याच दिवशी परत निघाले. वकिलाला भेटले, कागद जमवले. दोन वर्षांनी ‘अग्निपथ’ आला. तो त्यांनी एका महिन्यात तीनदा पाहिला.

“मग दावा का नाही लावला?” मी विचारलं.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई पोळी वाढत होती. म्हणाली, “मी नको म्हटलं. तू दोन वर्षांचा होतास. मी यांना एवढंच विचारलं, कोर्टात जिंकलात तर तिथे राहायला जाणार आहात का? आणि नाही जाणार, तर काकांना घराबाहेर काढून ते कुणासाठी रिकामं ठेवायचं? आयुष्यभर तारखा करायच्या असतील तर मला आत्ताच सांगा.”

“आणि बाबांनी ऐकलं?”

“लगेच नाही ऐकलं,” बाबा म्हणाले. “तिसऱ्यांदा सिनेमा बघून आल्यावर ऐकलं.”

मी हसलो, पण ते हसत नव्हते. सुहासिनीने विजयला विचारलं आणि विजयने ऐकलं नाही. माझ्या आईने विचारलं आणि बाबांनी ऐकलं. यात सिनेमासारखं काही नव्हतं, म्हणून बाबांनी ते बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आपण घाबरून मागे सरलो असं त्यांना वाटत होतं की काय, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी गावाहून बाबांच्या चुलतभावाचा फोन आला. काका कधीच वारले होते. घराचं छप्पर पडायला आलं होतं, दुरुस्तीला कर्ज काढायचं होतं आणि उताऱ्यावर बाबांचंही नाव होतं. “दादा, तुमचा वाटा तुम्हाला हवा असेल तर मोजून घ्या. नको असेल तर हक्कसोड करून द्या. मी तोंड उघडून मागत नाही, पण पावसाळा जवळ आलाय,” असं ते म्हणाले. बाबांनी आईला विचारलं, मला विचारलं आणि आठवड्याने म्हणाले, “करून देऊ.”

आम्ही दोघं अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेलो आणि गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडली. सुमारे तासाभराचा प्रवास. आयुष्यात पहिल्यांदा मी मांडव्याला उतरणार होतो. सिनेमातला मांडवा डोळ्यांसमोर होता, म्हणजे उघडाबोडका किनारा आणि एक भयाण झाड. प्रत्यक्षात धक्क्यावर खाण्याची हॉटेलं, शहरातल्या श्रीमंतांच्या बंगल्यांकडे निघालेल्या गाड्या आणि शनिवार-रविवारची गर्दी. २०२० पासून तर भाऊच्या धक्क्याहून गाड्या चढवून आणणारी रो-रो बोटही येते. धक्क्यावर एक मुलगा मित्राच्या मोबाइलसमोर उभा राहून, घसा खरवडून विजयची ओळख म्हणत होता. बाबा थांबून ऐकत राहिले. मग म्हणाले, “आईचं नाव गाळलं त्याने.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत आमचं काम अडलं. उताऱ्यावर ‘चव्हाण’, आधारकार्डावर ‘चौहान’. लिपिक बाई भल्या होत्या, पण त्यांचाही इलाज नव्हता. त्यांच्या लेखी ही दोन माणसं होती. माझ्या कामात मी हे रोज बघतो. नावात एका अक्षराचा फरक पडला की प्रणाली एका माणसाची दोन करते आणि मग ती जुळवायला आम्हाला बसावं लागतं. पण ती माणसं आमच्यासाठी नुसत्या ओळी असतात. इथे सत्तरीचे बाबा काउंटरसमोर उभे होते आणि जी जागा ते सोडून द्यायला आले होते, ती सोडण्यासाठी आधी त्यांना ते तेच आहेत हे सिद्ध करायचं होतं.

शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं, चव्हाण आणि चौहान ही एकच व्यक्ती असल्याचं. लिपिक बाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, “काका, पूर्ण नाव सांगा.”

बाबांनी सांगितलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग न विचारता आईचं नाव. मग गाव. आणि जन्मतारीख. आवाज अमिताभचा नव्हता. खालचा, थोडा अडखळणारा होता. हृतिकच्या विजयच्या जवळ जाणारा म्हणा हवं तर. चुलतकाका शेजारी खाली मान घालून उभे होते. बाईंनी लिहिता लिहिता म्हटलं, “आईचं नाव इथे लागत नाही.” बाबा म्हणाले, “असू द्या, लिहा.” बाईंनी लिहिलं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लावायचं ठरलं आहे. पडद्यावरच्या विजयने ते १९९० मध्येच लावलं होतं. आणि माझ्या मते जुना ‘अग्निपथ’ मोठा आहे तो एवढ्याचसाठी. नवा अधिक देखणा आहे, अधिक नेटका आहे, मारामारी तर कितीतरी सरस. त्यात सूड घेणारा मुलगा आहे आणि त्याचं दुःख खरं आहे. पण जुन्यात त्या मुलाच्या शेजारी ‘तू याची काय किंमत मोजतो आहेस?’ असं विचारणारी आईही उभी आहे. सूडाच्या गोष्टीत असं विचारणारं माणूस असलं की ती गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. नसलं की ती पडद्यावर संपते.

त्या दुपारी कागद झाल्यावर चुलतकाका आम्हाला घरी घेऊन गेले. पडवीत बसवलं नाही, थेट माजघरात नेलं. काकूंनी भात, आमटी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. निघताना काकांनी घराची एक किल्ली बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “दादा, कागद कागदाच्या जागी. उन्हाळ्यात वहिनींना घेऊन या.” ती किल्ली आता इंदूरला आमच्या देवघराशेजारच्या खिळ्याला आहे. आई पहिल्या दिवशी ती हातात घेऊन म्हणाली, “बघा, दावा न लावता मिळाली.”

तेव्हा मंडळी, हे दोन्ही ‘अग्निपथ’ एकदा ओळीने पाहा, आणि जमलं तर घरातल्या मोठ्यांच्या शेजारी बसून पाहा. कुठला चांगला यावर भांडण होईलच, होऊ द्या. पण सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका. त्यांना विचारा की तेव्हा तो सिनेमा पाहताना त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं. मी हे बाबांना विचारायला २०१२ पर्यंत थांबलो. तुम्ही थांबू नका.